पाचवी कुपी

१

मुरुमच्या बाजारात औषधांची दुकानं काही कमी नाहीत, पण प्रसूतिगृहासमोरचं गुरुसिद्धप्पांचं दुकान सगळ्यांत जुनं. तिथून गर्भ टिकवायचं इंजेक्शन नेणाऱ्या चार बायकांची पोटं यंदाच्या उन्हाळ्यापासून रिकामी झाली. तिघी नशिबाला बोल लावून घरी बसल्या. चौथी, शिवकन्या, सासूला घेऊन एसटीनं थेट धाराशिवला आली आणि अन्न व औषध प्रशासनाच्या कचेरीत उभ्याउभ्याच म्हणाली, "औषधात खोट हाय. माझ्यात न्हाय."

कचेरीतल्या पुरुषांना एकदम फायलींत डोकं घालायची आठवण झाली. औषध निरीक्षक पौर्णिमानं मात्र तिला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि सगळं ऐकून घेतलं. ही बाई भांडायला आलेली नव्हती. दुसऱ्यांदा गर्भ गेल्यावर गावानं तिच्या कुशीवर ठपका ठेवला होता. तो खरा की खोटा, एवढंच तिला सरकारकडून हवं होतं.

ऑगस्टच्या एका उकडत्या दुपारी पौर्णिमाची जीप दुकानासमोर थांबली. गुरुसिद्धप्पा कपाळभर विभूती लावून गल्ल्यावर बसले होते.

"घ्या, घ्या, तपासा," ते कडाडले. "माझ्या बापानं दुकान घातलं तवा तुमचं हापिस बी नव्हतं इकडं."

"मामांचं मनावर घेऊ नका, मॅडम." आतून त्यांचा भाचा विरेश लगबगीनं आला. फार्मसी शिकलेला, हसतमुख, अंगात परीटघडीचा पांढरा कोट. त्यानं खुर्ची पुसली, सरबत मागवलं आणि बेबी पावडरच्या डब्यांशेजारच्या उघड्या फळीवरून इंजेक्शनची खोकी स्वतः काढून दिली.

पौर्णिमानं एकेक खोकं उघडलं. आत पाच तपकिरी कुप्या, प्रत्येकीच्या काचेवरच निळ्या अक्षरांत औषधाचं नाव छापलेलं, माल एप्रिलअखेर बनलेला. सगळं जिथल्या तिथं होतं. एका खोक्याचं झाकण उघडताना बोटाला लाल पूड लागली, ती तिनं रुमालाला पुसली. या जिल्ह्यात कुंकू न लागलेली वस्तू मुद्दाम शोधावी लागते. तराजूला असतं, ट्रॅक्टरला असतं, कचेरीतल्या संगणकालाही दसऱ्याला लागतं. पौर्णिमाच्या माहेरी-सासरी कुंकू नाही, पण म्हणून ती जगाच्या कुंकवाकडे बघत बसत नसे.

तिनं नमुने मोहरबंद केले आणि रस्ता ओलांडला.

२

प्रसूतिगृहाच्या पडवीत एक छोटा फ्रीज होता. त्याच्या दारावर 'विरेश मेडिकोजच्या वतीनं सप्रेम भेट' अशी पट्टी चिकटवलेली. मामाचं दुकान, नाव मात्र भाच्यानं आपलं लावलेलं! पौर्णिमाला मनातल्या मनात हसू आलं.

फ्रीजची किल्ली इरम्माच्या कमरेला होती. इरम्मा ही इथली नर्स. अर्ध्या मुरुमला पहिलं दुपटं तिनंच गुंडाळलेलं, म्हणून सगळे तिला अक्का म्हणत.

"बायकांची औषधं इथं ठिवतो आमी," ती म्हणाली. "खेड्यात लाईट राहत न्हाय, फ्रीज कुणाकडं असतंय? डब्यावर नाव लिहिलेलं असतंय. ज्याचं त्याला टोचायचं, उरलं तर ज्याचं त्याला परत. आईच्या पोटचं गेलंय आन् आपण तिचं औषध ठिवून घ्यायचं, हे मला जमत न्हाय बाई."

"शिवकन्याचं उरलं होतं?"

"चार दिली. पाचवीच्या आदल्या दिवशी घात झाला." इरम्मानं पदर डोळ्यांना लावला. "पाचवी कुपी म्या तिच्याच हातात दिली."

डॉक्टर कृष्णराज हातातली कामं न सोडता बोलले. "गर्भ जातात, मॅडम. दर वेळी कारण सापडतंच असं नाही. आणि मी कुठल्या दुकानाचं नाव सांगत नाही. उमरग्याहून आणा, सोलापूरहून आणा, माझी हरकत नसते." माणूस कोरडा होता, पण डोळ्याला डोळा भिडवून बोलत होता.

तिथून पौर्णिमा गावाबाहेरच्या वस्तीवर शिवकन्याकडे गेली. कुपी मिळाली तर अर्धं काम होणार होतं.

शिवकन्या अंगणात तूर निवडत होती. प्रश्न ऐकून तिचा हात सुपातच थांबला.

"काय उरलं न्हाय, मॅडम. समदं संपलं."

"इरम्माअक्का म्हणतात, एक दिली होती."

"संपलं म्हणते ना मी!" ती एवढी तडकली की ओट्यावरची सासू, द्वारकाबाई, दचकली.

पौर्णिमा जीपमध्ये येऊन बसली. एक म्हणते दिली, दुसरी म्हणते नाही. दोघींपैकी एक खोटं बोलत होती आणि कुठली ते तिला कळत नव्हतं.

३

दिवाळी तोंडावर आली तेव्हा सरकारी प्रयोगशाळेचा अहवाल आला. औषध शंभर नंबरी होतं. हार्मोन जेवढं लिहिलं तेवढंच, ना कमी ना जास्त.

साहेब म्हणाले, "फाइल बंद करा. बायकांच्या दुःखाला आपण तरी काय करणार?"

दुसऱ्या दिवशी शनिवार होता. दर शनिवारी ती नळदुर्गला जायची. नवरा बुद्धघोष तिथं शाळेत शिक्षक, ती धाराशिवला. संसार आठवड्यातून दीड दिवसाचा. काही वर्षांमागं सोलापूरला तिनंही हीच इंजेक्शनं घेतली होती. तिसऱ्या महिन्यात सगळं संपलं, आणि तेव्हापासून त्या विषयावर दोघं बोलत नव्हते. बोलत नव्हते म्हणून हुरहुर कमी झाली होती असं मात्र नाही. रस्त्यानं एखादी बाई काखेत पोर घेऊन चालली की पौर्णिमाची मान आपोआप वळायची. तिला मूल हवं होतं, अजूनही तेवढंच हवं होतं.

निरोप तरी तोंडानं सांगावा म्हणून तिनं नळदुर्गला न थांबता जीप पुढं मुरुमला नेली.

शिवकन्यानं ऐकून घेतलं. चेहऱ्यावरची एक रेघ हलली नाही.

"म्हंजी माझ्यातच खोट हाय," ती म्हणाली.

"असं कुणी म्हटलेलं नाही—"

"औषध खरं निघालं, मग दुसरं काय ऱ्हायलं, मॅडम?" ती आत निघून गेली.

द्वारकाबाई हळूच जवळ सरकली. "परत दिवस गेलेत बाई तिला. दुसरा लागलाय. डॉक्टरनं तेच औषध दिलंय. आजच आणलं गुरुसिद्धप्पाकडनं, परवा दवाखान्यात दिऊन यायचं, मंगळवारी पहिलं टोचणार." असं म्हणत तिनं भिंतीतल्या देवळीतनं खोकं काढलं, कुंकवाचा करंडा उघडला, झाकण वर केलं आणि झाकणाच्या आतल्या बाजूला बोटानं पाच टिकल्या लावल्या.

पौर्णिमा बघतच राहिली. "आत का लावता, मावशी?"

"भाईर लावलं की हातानं पुसतंय. तुळजापूरच्या आईचं कुंकू हाय, वाया कसं घालवायचं? मागल्या टायमाला बी असंच लावलं होतं. पर आईनं ऐकलं न्हाय."

पौर्णिमाच्या बोटाला ऑगस्टमधली ती लाल पूड पुन्हा लागल्यासारखी झाली. तिनं घाईघाईनं मोबाइल काढला. नमुने बंद करताना प्रत्येक उघड्या खोक्याचा फोटो घ्यायची तिची सवय होती. चौथ्या फोटोत, झाकणाच्या आत, पाच लाल टिकल्या होत्या.

४

दुकानाची पूजा म्हणावी, तर तीही जुळेना. दुकानं पुजतात दसरा-दिवाळीला, फार तर गुढीपाडव्याला. माल बनला एप्रिलअखेर, म्हणजे पाडवा सरल्यावर, आणि ती तपासणीला गेली ऑगस्टमध्ये. शिवाय पूजेत कुणी खोकं उघडून आत टिकल्या लावत नाही. फळीवरचं ते खोकं नवं म्हणून विकायला ठेवलेलं होतं, तरी द्वारकाबाईच्या देवळीत जाऊन आलेलं होतं.

"मावशी, हे औषध दवाखान्यात का ठेवायचं?"

"फ्रीज लागतंय न्हवं त्याला!"

"कुणी सांगितलं?"

"मेडिकलमधी सांगितलं. घरी ठिवलं तर नासतंय म्हणले."

पौर्णिमा ओट्यावर बसली. या औषधाला फ्रीज लागतच नाही. खुद्द दुकानात ते बेबी पावडरशेजारी उघड्या फळीवर होतं. ऑगस्टात आपल्या डोळ्यांनी बघितलं आणि आपलं डोकं चाललं नाही!

ती आत गेली. शिवकन्या भिंतीकडे तोंड करून बसली होती.

"कुपी तुझ्याकडं आहे," पौर्णिमा म्हणाली. "अक्का खोटं बोलत नाहीत आणि तूही वाईट हेतूनं खोटं बोलली नाहीस. माझ्या कपाटात एक टोपरं आहे, शिवकन्या. सोलापूरला घेतलं होतं. नवऱ्याला वाटतं मी ते देऊन टाकलं. मी अजून नाही दिलेलं."

मग शिवकन्या उठली. तिनं पेटीतून लग्नातल्या शालूची घडी काढली आणि घडीतून कुपी.

"त्या लेकराचं एवढंच हाय माझ्याकडं," ती म्हणाली. "बारसं न्हाय, नाव न्हाय, फोटू न्हाय. हे त्याच्यासाठी आणलेलं होतं. तुमी फोडताल म्हणून म्या सांगितलं न्हाय."

पौर्णिमानं कुपी उजेडात धरली. काच तपकिरी, आतलं तेल पिवळसर, नाव तेच. पण नाव काचेवर छापलेलं नव्हतं. कागदाची पट्टी चिकटवलेली होती, आणि पट्टीच्या कडेखाली दुसऱ्याच कुठल्या तरी अक्षरांचं शेपूट दिसत होतं. तिनं द्वारकाबाईचं नवं खोकं उघडलं. त्यातल्या पाचही कुप्यांवर निळी अक्षरं काचेवरच होती.

"फोडावी लागेल का, मॅडम?"

"लागेल. पण आज नाही." पौर्णिमानं वस्तीवरच्या दोन जाणत्यांना बोलावून त्यांच्यासमोर खोक्याच्या तळाला आपली सही केली आणि फोटो घेतला. "मावशी, सोमवारी हे दवाखान्यात देऊन या. नेहमीसारखं. तोंडातनं चकार शब्द काढायचा नाही. आणि शिवकन्या, मी सांगेपर्यंत तू एकही सुई टोचून घ्यायची नाहीस."

"आन् तवर माझं हे गेलं तर?" शिवकन्यानं पोटावर हात ठेवला.

तिला धीर द्यावा असं पौर्णिमाला फार वाटलं. पण खात्री नसलेली गोष्ट बोलायची तिची जीभ नव्हती. ती म्हणाली, "म्हणूनच मला घाई आहे. मंगळवारी तुझ्या हातात खरं औषध असेल, एवढा शब्द देते."

५

सोमवारी दुपारी दवाखाना आणि दुकान दोन्हीकडे प्रशासनाची माणसं एकदमच शिरली.

पौर्णिमा दुकानाच्या फळीपाशी गेली. "अप्पा, त्या इंजेक्शनचं एक खोकं दाखवा."

"परत?" गुरुसिद्धप्पा गुरगुरले, पण उठले. त्यांनी हात घालून वरचंच खोकं काढलं आणि झाकण सताड उघडून तिच्या नाकापुढं धरलं. "बघा! काय खोट हाय ते दाखवा!"

झाकणाच्या आत पाच टिकल्या होत्या, ताज्या, लालभडक. पौर्णिमानं खोकं उलटं केलं. तळाला तिची सही होती.

"हे खोकं तुम्ही शनिवारी द्वारकाबाईंना विकलं, अप्पा. आज सकाळी त्यांनी ते समोर दवाखान्यात दिलं. इथं कसं आलं?"

म्हाताऱ्यानं वाकून सही पुन्हा बघितली. समोरून इरम्मा आणि डॉक्टर येऊन उभे राहिले. इरम्माच्या हातात फ्रीजमधला डबा होता. त्यावर शिवकन्याचं नाव आणि आत कागदाच्या पट्ट्यांच्या पाच कुप्या.

"अक्का, काचेवर नाव छापलेली कुपी तुम्ही कधी बघितलीत?"

"न्हाय बाई. पैल्यापास्नं हीच बघते मी. डब्यात भरून फ्रीजमधी असतंय, खोकं जागा खातंय म्हणून काढून टाकतेत म्हणले."

"कोण काढून टाकतं?"

इरम्मानं विरेशकडे बघितलं.

विरेश हसला, पण ते हसू अर्ध्यावरच राहिलं. "मॅडम, किल्ली अक्कांकडं असते. डॉक्टरही आहेत. माझ्यावरच कसं काय?"

"सांगते ना," पौर्णिमा म्हणाली. "अक्का यात असत्या, तर खोटी कुपी त्यांनी आपल्या हातानं शिवकन्याला दिली नसती. पुरावा कुणी भेट देतं का? डॉक्टर असते, तर त्यांनी याच दुकानातून घ्या म्हणून सांगितलं असतं. ते तर सोलापूरला जा म्हणतात. अप्पांना ठाऊक असतं, तर त्यांनी हे झाकण माझ्या नाकापुढं उघडलं नसतं. उरला कोण? फ्रीज ज्यानं दिला, त्याच्याकडं त्याची दुसरी किल्ली असते. औषधाला फ्रीज लागतो अशी थाप ज्यानं मारली, त्याला तो लागत नाही हे पक्कं ठाऊक होतं, कारण दुकानात तो ते फळीवर ठेवत होता. खरं खोकं दवाखान्यात गेलं की तू ते उचलायचास, डब्यात स्वस्तातलं तेलकट इंजेक्शन भरायचास आणि तेच खोकं पुन्हा विकायचास. म्हणून तर नमुना शंभर नंबरी निघाला. फळीवर खोटा माल कधी नव्हताच."

"पण टिकल्या..." विरेश पुटपुटला. "कुंकू तर सगळ्याच वस्तूंना असतं."

"म्हणून तुला दिसलं नाही. इथं जन्म काढलेल्या माणसाला कुंकू दिसतच नाही. माझ्याही बोटाला लागलं, मीही पुसून टाकलं. कोटाचा खिसा बघ तुझा."

पांढऱ्या परीटघडीवर, खिशाच्या कडेला, अंगठ्याचा लाल ठसा होता.

गुरुसिद्धप्पांनी हात लांबवून त्या ठशाला बोट लावून बघितलं. "मामा," विरेश म्हणाला आणि मग एकदम पौर्णिमाकडे वळला. "कुणाला मारलं नाही मी! राहायचा तो गर्भ राहतोच, मॅडम. नुसत्या तेलावरसुद्धा कितीकजणींचे राहिले. या इंजेक्शननं सगळ्यांचे वाचतात असं कोण म्हणतं? तुम्हाला तरी ठाऊक आहे का?"

पौर्णिमाला ठाऊक होतं. तिला तर खरं औषध मिळूनही काही राहिलं नव्हतं.

"त्या बायका आशा विकत घ्यायला आल्या होत्या. ती खरी की फोल, हे ठरवायचं काम तुझं नव्हतं."

डब्यातल्या कुप्या, फळीवरचा माल आणि मागच्या खोलीतले पट्ट्यांचे गठ्ठे जप्त झाले. परवाना थांबवल्याचा कागद दारावर लागला. गुरुसिद्धप्पांनी स्वतःच शटर ओढलं. कुणी सांगायची वाट त्यांनी बघितली नाही.

६

मंगळवारी सकाळी पौर्णिमा उमरग्याहून नवं खोकं घेऊन वस्तीवर गेली. शिवकन्या उंबऱ्यात वाट बघत बसली होती. तिच्या मांडीवर शालूची घडी होती.

"एक विचारू, मॅडम? खरं औषध असतं, तर ते राहिलं असतं?"

हा प्रश्न येणार हे पौर्णिमाला ठाऊक होतं. येताना वाटभर ती त्याचंच उत्तर शोधत होती. हो म्हटलं असतं, तर शिवकन्याला निदान कुणावर तरी रडता आलं असतं.

"सांगता येत नाही," ती म्हणाली. "कुणालाच सांगता येणार नाही. एवढं मात्र सरकारी कागदावर लिहून देते, की तुला औषध मिळालंच नव्हतं. तुझ्यात खोट आहे असं म्हणायला कुणाला आता तोंड नाही."

शिवकन्या रडली नाही. तिनं घडी उलगडली, कुपी एकदा गालाला लावली आणि पौर्णिमाच्या हातावर ठेवली. "लवकर फोडा," ती म्हणाली. "लई दिवस सांभाळलंय."

द्वारकाबाई दारात करंडा घेऊन उभी होती. आज तिचा हात पुढं येत नव्हता. "लावू का नको, बाई? समद्या घोटाळ्यात माझंच कुंकू निघालं."

पौर्णिमानं खोक्याचं झाकण उघडलं आणि तिच्यापुढं धरलं. "लावा, मावशी. आत लावा. तुमच्या या पाच टिकल्या नसत्या, तर माझी फाइल बंद झाली होती."

मग म्हातारी आत गेली आणि सुपात ज्वारी घेऊन आली. "तुमच्यात कुंकू लावत न्हाईत, ठावं हाय मला. म्या लावणार बी न्हाय. पर ह्याला न्हाय म्हणू नका." तिनं पौर्णिमाच्या ओढणीत ओंजळ-ओंजळ ज्वारी घातली. कशासाठी ते बोलली नाही. शिवकन्यानं सांगितलं असावं.

जीप निघाली. ड्रायव्हर म्हणाला, "पिशवी आहे मॅडम, तिच्यात घाला, सांडेल."

"असू दे," पौर्णिमा म्हणाली. तिनं बुद्धघोषला फोन लावला आणि आज मंगळवार असूनही घरी येते आहे, एक टोपरं दाखवायचं आहे, असं सांगितलं. नळदुर्ग येईपर्यंत तिनं दोन्ही हातांनी ओढणीचा झोळ मांडीवर धरून ठेवला होता. दाण्यांना उन्हाची ऊब होती.